सरोवरात टाकलेली नोंद

मी एक जुनी नोंद आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. जमिनीखालचा गॅस काढण्यासाठी खणलेल्या विहिरींची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर, हजारो नोंदींच्या गर्दीत मी राहते.

माझा जन्म मात्र जाड पिवळ्या कार्डावर झाला. विहीर खणणाऱ्या मिस्त्रीने मला शिसपेन्सिलीने लिहिले. अक्षर गिचमिड, पण माणूस काटेकोर. गॅस संपत आला, विहिरीचे तोंड बुजवायची वेळ आली, तेव्हा त्याचे साहेब म्हणाले, "सिमेंट कशाला? ओंडका ठोका, वर माती ढकला." मिस्त्रीने मुकाट्याने ओंडका ठोकला, पण माझ्या तळाशी लिहून ठेवले, 'सिमेंट नाही. गिरणीच्या मागच्या भिंतीपासून चाळीस पावले.' पुढे गिरणी पाडली, तिथे घरे उठली आणि मी कपाटात धूळ खात पडले.

मग संगणक आले. एका टंकलेखक बाईंना दिवसाला दोनशे कार्डे उतरवायची होती. घाईत माझ्या अक्षांशातले दोन आकडे उलटसुलट झाले. मिस्त्रीच्या शेऱ्यासाठी तर रकानाच नव्हता. कार्डाचे छायाचित्र तेवढे जोडले गेले आणि नकाशावर माझा ठिपका थेट सरोवराच्या मध्यभागी जाऊन पडला. संकेतस्थळाच्या उद्घाटनाला टाळ्या वाजल्या. मलाही तेव्हा फार अभिमान वाटला होता.

गिरणीच्या जागेवरच्या एका घरात एक शिवणकाम करणारी बाई सासऱ्यांसोबत राहत होती. परसातल्या डबक्यात बुडबुडे येऊ लागले. गुलाब जळाले. तळघरात गेले की डोके गरगरायचे. तिने विहिरींच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात फोन केला.

"ताई, तुमच्या आसपास एकही विहीर नाही," कारकून म्हणाला.

"अहो, पण बुडबुडे येताहेत!"

"नकाशावर नाही म्हणजे नाही. प्लंबर बोलवा."

प्लंबर आला, नळ्या ठोकून पाहिल्या आणि "बिनधास्त शेगडी पेटवा" म्हणून निघून गेला.

तिच्या मनातली पाल काही गप्प बसेना. तिने नकाशा सोडला आणि जुन्या कार्डांची छायाचित्रे एकेक करून उघडायला घेतली. शिवण बाजूला, संध्याकाळी तीन-तीन तास. दहाव्या दिवशी ती माझ्या अगदी आधीच्या नोंदीवर आली.

"सूनबाई, डोळे फोडून घेशील," सासरे मायेने म्हणाले. "उरलेलं उद्या बघ."

तिने संगणक बंद केला. मित्रांनो, फक्त एक बोट पुढे सरकायला हवे होते! पण नोंदीला हाक मारता येत नाही.

सकाळी ती शिवलेले कपडे द्यायला गेली. सासरे पाणी तापवायला तळघरातल्या शेगडीकडे उतरले आणि त्यांनी काडी ओढली. ती परतली तेव्हा कोपऱ्यावरूनच तिला आपले घर दिसेना.

नऊ दिवसांनी, बहिणीच्या घरी बसून तिने मला उघडले. ओठ हलवत वाचले, "सिमेंट नाही." मग पुन्हा वाचले. ती रडली नाही. त्याचीच मला भीती वाटली.

चौकशीत नोंदींच्या कार्यालयाचे साहेब शांतपणे म्हणाले, "माहिती लोकांसाठी खुली होती. कुणीही पाहू शकत होतं."

"पाहिली ना मी," ती म्हणाली. "तुम्ही पाहिली होती का?"

साहेबांनी घड्याळ पाहिले. दुसऱ्या दिवशी माझे आकडे दुरुस्त झाले. आता माझा ठिपका अगदी अचूक आहे. एका रिकाम्या, काळ्या पडलेल्या जागेवर.

ती अजून रोज संकेतस्थळावर येते. माझ्या भावंडांची कार्डे वाचते, चुका शोधते, कार्यालयाला लिहिते. 'आपल्या पत्राची दखल घेतली आहे', एवढेच उत्तर येते. म्हणून हल्ली ती स्वतःच जाऊन अशा विहिरींवरच्या घरांची दारे ठोठावते.

"कुठल्या ऑफिसातून आलात?" लोक संशयाने विचारतात.

"कुठल्याच नाही. आधी शेगडी बंद करा, मग सांगते."

काही जण तिच्या तोंडावर दार लावून घेतात. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुठे काही लिहायला बसाल, तेव्हा आकडा दोनदा तपासा. आणि अशी बाई तुमच्या दारात आली, तर तिला आत घ्या.