दोन बोटं जास्तीची रेघ

जरा जवळ सरका, मायबाप. एक गोष्ट सांगतो. अंगावर काटा आला तर शेजाऱ्याचा हात धरा, पण मधूनच उठून जाऊ नका.

आमच्या गल्लीत एक शिवणबाई राहतात. गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचं पायमशीन सुटलं. रिकामे हात म्हणजे बाईंना शिक्षाच. मग त्यांच्या शिक्षिका भाचीनं त्यांना संगणकावरची एक फुकटातली सेवा शिकवली. गरीब वस्त्यांचे आभाळातून काढलेले फोटो समोर येतात. त्यातल्या प्रत्येक छपराभोवती रेघ आखायची. त्या रेघांचा नकाशा होतो, आणि जिथं रस्त्यालाही नाव नाही तिथं औषधं नेणाऱ्या नर्सना घर सापडतं. बाई म्हणाल्या, देवानं गुडघे नेले, पण हात ठेवले.

एका वस्तीत पत्र्याची दोन घरं अगदी खेटून होती. त्यांच्या पुढ्यात तिळाएवढं कुणीतरी उभं, आणि त्याची लांब सावली. सोमवारी सावली भिंतीशी होती. मंगळवारी ती अंगणाच्या मधोमध आली होती. बाईंनी ते सांगितलं तशी भाची हसली.

"मावशी, माप घेताना गिऱ्हाईक हलतं, फोटो नाही हलत. हा दोन वर्षांपूर्वीचा आहे. चष्मा पूस."

बाईंनी चष्मा पुसला. सावली तिथंच होती.

बुधवारी दुपारी काम तपासणाऱ्यांचा निरोप आला, की नकाशा आज संध्याकाळी बंद होणार आणि उद्या औषधांची गाडी निघणार. बाईंनी तो फोटो पुन्हा उघडला. सावलीनं हात लांब केला होता. बोटं नेमकी बाईंच्या रेघेवर टेकली होती.

त्या रेघेकडे बघता बघता बाईंच्या ध्यानात चूक आली. कापड बेतताना शिलाईसाठी दोन बोटं माया सोडायची, ही जन्माची सवय. छपरांनाही त्यांनी तशीच सोडली होती. खेटलेल्या घरांच्या रेघा एकमेकींवर चढल्या होत्या आणि संगणकानं दोन घरांचं एकच घर धरलं होतं.

"अगं, मी एक घर पुसलं," त्या म्हणाल्या.

भाची म्हणाली, "फक्त एकच? माया तर तू सगळ्याच छपरांना सोडलीस."

दोनशे अकरा छपरं होती. दोघी पाणी प्यायलाही उठल्या नाहीत. एकेक रेघ उसवली, छपराच्या कडेला बसवून पुन्हा आखली. ती दोन घरं शेवटी राहिली, कारण बाईंना तिकडे बघवत नव्हतं. दिवे लागायच्या वेळी शेवटची रेघ जुळली, तेव्हा अंगण मोकळं होतं. माणूस नाही, सावली नाही.

आठ दिवसांनी तिथल्या नर्सचं पत्र आलं. पहिल्या घराला कुलूप होतं. नकाशात एकच घर असतं, तर ती तिथूनच माघारी फिरली असती. दुसऱ्या घरात तापानं फणफणलेली एक म्हातारी होती. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला भरवणारे शेजारी त्याच सोमवारी कामाच्या शोधात गेले, ते परतले नव्हते. औषध पोटात गेल्यावर तिनं डोळे उघडले, नर्सच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "ती शिवणारी नाही आली?"

बाईंनी पत्र तीनदा वाचलं. मग संगणकावर कापड टाकलं. दुसऱ्या दिवशी ते त्यांनीच काढलं आणि पुढच्या वस्तीला बसल्या.

म्हातारीचं नाव नर्सनं लिहिलं नव्हतं. तेव्हा मायबाप, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा तिची नावावाचूनच आठवण काढा.