टेबल कोण मांडतं

माझ्या दोन मावश्यांच्या घरात एकच टेबल आहे. त्यावर जेवणही होतं आणि चित्रंही होतात, त्यामुळे त्या घरी जेवायला बसणं पाहुण्यांना वाटतं तितकं सोपं नाही. थोरली मावशी स्थिरचित्रं काढते. सुरई, वाटी, दोन लिंबं, चुरगळलेला नॅपकिन, असलं. एका चित्राला तिला महिना तरी लागतो, आणि महिनाभर उपाशी राहता येत नाही. म्हणून धाकटी मावशी प्रत्येक वस्तूभोवती खडूने रेघ ओढून ठेवते. जेवणाची वेळ झाली की वस्तू उचलून खिडकीत ठेवायच्या, जेवायचं, टेबल कोरड्या फडक्याने हलकेच झटकायचं आणि वस्तू परत आपापल्या रेघेत बसवायच्या. लहानपणी एकदा मी त्यातलं एक लिंबू पिळून घेतलं होतं. त्याचा उल्लेख अजून होतो.

थोरली शाळेत चित्रकला शिकवायची. धाकटी काचेच्या आणि चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानात होती. टवका उडालेलं भांडं दुकानात ठेवत नाहीत, ते ती घरी आणायची. थोरलीच्या चित्रांतल्या सगळ्या भांड्यांना कुठे ना कुठे टवका आहे, फक्त तो नेहमी पलीकडच्या बाजूला असतो. दोघींनी लग्नं केली नाहीत. माझी आई गेल्यावर मी त्यांच्याकडेच वाढलो आणि पुढे कॉलेजात कलेचा इतिहास शिकवायला लागलो, म्हणजे एकही चित्र न काढता चित्रांवर पोट भरायला लागलो. धाकटी मला प्रोफेसर म्हणते. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी अजून मोजलेलं नाही.

यंदा थोरलीचं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं. बाकीच्या भिंती जुन्या चित्रांनी भरल्या. शेवटची भिंत एका नव्या चित्रासाठी मोकळी ठेवली होती. थोरलीचा हात अलीकडे कापतो. हे चित्र झालं की पुरे, असं तिने दोन-तीनदा बोलून दाखवलं होतं, आणि ती उगाच काही बोलत नाही. तेव्हा ते चित्र व्हायलाच हवं होतं.

प्रदर्शनाच्या दारात लावायच्या फलकाचा मजकूर दाखवायला गॅलरीवाल्या बाई घरी आल्या. मजकुरात लिहिलं होतं की या चित्रकर्तीची खरी प्रतिभा रंगात नसून मांडणीत आहे. सुरई आणि वाटी यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर तर पूर्ण परिच्छेद होता.

"मॅडम, ही मांडणी तुम्हाला सुचते कशी?" बाईंनी विचारलं.

"त्यात सुचायचं काय?" थोरली म्हणाली. "असतात वस्तू टेबलावर. मी बसते आणि काढते."

धाकटी त्या वेळी चहा ओतत होती. तिने तो नीट ओतला, साखर विचारली, कपाचे कान पाहुण्यांच्या हाताकडे वळवून ठेवले आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी थोरली नेहमीप्रमाणे उशिरा उठली, नेहमीप्रमाणे तिपाईवर कॅनव्हास चढवून बसली. टेबल रिकामं होतं. आधीच्या चित्रातल्या वस्तू खिडकीत ओळीने उभ्या होत्या.

"आज टेबल रिकामं कसं?" तिने विचारलं.

"असतात की वस्तू टेबलावर," धाकटी म्हणाली आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

इथे थोरलीची बाजू घेणं भाग आहे. ती खोटं बोलली नव्हती. तिला दुपारनंतरचा उजेड लागतो, त्यामुळे ती कामाला बसेपर्यंत धाकटीने टेबल मांडलेलं असायचं. लहान मुलांना जसं वाटतं की कपडे आपोआप घड्या होऊन कपाटात जातात, तसं तिला मांडणीबद्दल वाटत आलं होतं. खडूच्या रेघा जेवणानंतर वस्तू जागेवर ठेवायला असतात, एवढंच तिला ठाऊक होतं. टेबलावरच्या लिंबावर पडलेली सुरईची छटा तिला दिसते, पण ते लिंबू तिथे कुणी ठेवलं हे दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आधी तिने स्वतः मांडून बघितलं. सुरई, वाटी आणि लिंबं अशी उभी राहिली की शाळेची प्रार्थना सुरू व्हायची तेवढी बाकी होती. तिने ती मांडणी मोडली, पुन्हा मांडली, आणि आठवडाभराने मला बोलावून घेतलं. "तू एवढा शिकलायस," ती म्हणाली. "मांड बघू."

मी तेव्हा प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी लेख लिहीत होतो, त्यामुळे माझ्या डोक्यात स्थिरचित्रांचा सगळा इतिहास ताजा होता. मेलेल्या माणसाला पुढच्या प्रवासात भूक लागू नये म्हणून थडग्याच्या भिंतीवर भाकरी आणि बदकं रंगवत, तिथपासून माझी सुरुवात होती. एका श्रीमंताने तर जेवणाच्या दालनाच्या फरशीतच खरकटं बसवून घेतलं होतं, रंगीत खड्यांचं: माशांचे काटे, टरफलं, चघळलेली हाडं. पुढे कित्येक शतकं फळं आणि भांडी देवाधर्माच्या चित्रांच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली, लग्नातल्या गरीब नातेवाइकांसारखी. मग व्यापाऱ्यांच्या हाती पैसा आला, टेबल पुढे सरकलं आणि माणसं चित्रातून बाहेर गेली. अर्धवट सोललेलं लिंबू, कलंडलेला पेला, मध्येच एखादी कवटी, कारण खाणाऱ्याला मरणाची आठवण राहिली पाहिजे. पंडितांनी चित्रांची प्रतवारी लावली तेव्हा या प्रकाराला सगळ्यात खालची पायरी दिली. बायकांना उघड्या देहावरून रेखाटन शिकायला मनाई होती, वाडग्यावरून नव्हती, म्हणून बऱ्याच जणी त्या खालच्या पायरीवर बसल्या आणि फार चांगलं काम करून गेल्या. त्यानंतर कुणी सफरचंदं सडेपर्यंत रंगवली, कुणी टेबल सगळ्या बाजूंनी एकदम दाखवायचं म्हणून त्याचे तुकडे केले, कुणी वर्तमानपत्र कापून तेच कॅनव्हासला चिकटवलं. हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे आणि मुलं वर्षानुवर्षं पेंगत आली आहेत.

एवढ्या भांडवलावर मी मांडणी केली. लिंबू सोलून साल टेबलाच्या कडेवरून लोंबती सोडली, पेला कलंडवला, खाली जांभळा पडदा चुरगळून टाकला, वर माझं घड्याळही काढून ठेवलं. थोरलीने खूप वेळ बघितलं.

"हे कुणाच्या घरातलं टेबल आहे?" तिने विचारलं.

धाकटी स्वयंपाकघरातून आली. "आहेर मांडलाय वाटतं," ती म्हणाली आणि जाताजाता सोललेलं लिंबू उचललं. "हे मी पिळून घेते. तुला चालतं."

शिकलेल्याने हात दाखवून अवलक्षण करून घ्यावं ते असं. पण माझ्या फजितीवरही दोघी एकत्र हसल्या नाहीत, आणि तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. त्या भांडत नव्हत्या. भांडत असत्या तर शब्दाने शब्द वाढून कधीतरी संपलं असतं. जेवायला मात्र आता काही उचलावं लागत नव्हतं. टेबल मोकळं, ताटं सरळ मांडायची. इतकी सोयीची आणि इतकी वाईट जेवणं मी त्या घरात कधी जेवलो नव्हतो.

माझा पसारा मी आवरला त्याच संध्याकाळची गोष्ट. ऊन उतरून खिडकीतून आडवं येत होतं. थोरली कोऱ्या कॅनव्हासपुढे नुसती बसली होती.

"इकडे ये," ती मला म्हणाली. "इथून बघ. खाली वाक."

मी वाकलो. आडव्या उन्हात टेबलाच्या लाकडावर खडू दिसत होता. आधीच्या मांडणीच्या रेघा तर होत्याच, पण सुरईच्या गोलाखाली अजून एक गोल होता, बोटभर डावीकडे, फडक्याने पुसट केलेला. त्याच्या पलीकडे आणखी एक. वाटीचे गोल एकमेकांत अडकले होते. नॅपकिनचा कोपरा तर इतक्या ठिकाणी मांडून खोडला होता की तिथलं लाकूडच पांढुरकं झालं होतं.

"जेवून झाल्यावर सुरई परत ठेवायला एक गोल पुरतो," थोरली म्हणाली. "हे एवढे कशाला?"

मी अजून खाली वाकलो.

"मी कोळशाने काढते आणि खोडते, तसं खोडलंय हे. अगदी तसंच." तिने एका पुसट गोलावरून बोट फिरवलं, पण लाकडाला टेकवलं नाही. "माझ्याआधी दर वेळी इथे कुणीतरी चित्र काढून जात होतं. आणि मी म्हणाले, असतात वस्तू." तिने बोट मागे घेतलं. "मला लाज वाटतेय रे."

"मग जा आणि सांग तिला."

"सांगून काय? सांगणं हा तुझा धंदा."

दुसऱ्या दिवशी धाकटी ओलं फडकं घेऊन टेबलाकडे आली. खडू आता लागणार नाही, टेबल एकदा स्वच्छ धुऊन टाकू, असं तिच्या मनाने घेतलं असावं. ते फडकं फिरलं असतं तर त्या घरातलं चित्र काढणं तिथेच संपलं असतं.

"पुसू नकोस," थोरली म्हणाली.

"का? रिकामं तर आहे."

"रिकामं नाहीये."

धाकटीने फडकं पिळून दोरीवर टाकलं. मानी माणसं दुसऱ्यांदा विचारत नाहीत. त्यानंतर थोरलीने टेबलाला ताट लागू दिलं नाही. मी जायचो तेव्हा आम्ही तिघं मांडीवर ताटं घेऊन भिंतीशी बसायचो, आणि कॅनव्हासची पाठ आमच्याकडे असायची. धाकटी त्याच्यामागे एकदाही डोकावली नाही. थोरलीचा उजवा हात कापायला लागला की ती तो डाव्या हाताने धरायची आणि काम पुढे चालू ठेवायची.

चित्र न्यायला गॅलरीवाल्या बाई आल्या त्या दिवशी थोरलीने तिपाई फिरवली. चित्रात तपकिरी टेबल होतं, त्याची कड, आणि टेबलावर पांढऱ्या रेघा. बाकी काही नाही. ठळक रेघांच्या खाली पुसट, पुसटांच्या खाली अजून पुसट.

बाई भारावल्या. "ही अनुपस्थिती," त्या म्हणाल्या. "केवढी अनुपस्थिती आहे यात."

"अनुपस्थिती कसली?" धाकटी म्हणाली. "मी आतच होते, स्वयंपाकघरात."

पण बोलता बोलता ती पुढे झाली होती. चष्मा कपाळावर सरकवून ती चित्राजवळ गेली आणि वाकली. बराच वेळ ती एका जागी वाकून होती.

"खोडलेल्या रेघासुद्धा काढल्यास," ती म्हणाली.

"दिसल्या त्या काढल्या," थोरली म्हणाली.

"इथे वाटी मी पहिल्यांदा ठेवली होती. दुपारी सुरईची सावली तिच्यावर चढायची, म्हणून सरकवली. मग लिंबू एकटं पडलं. मग ते..." धाकटीने चष्मा खाली ओढला आणि गोलावर गोल दाखवत सांगत राहिली, कोणती वस्तू कुठून कुठे गेली आणि का. थोरली एकेका गोलाला मान हलवत होती. "हे सगळं मी आधीच बघायला हवं होतं," ती एकदा म्हणाली, आणि धाकटी म्हणाली, "हो, हवं होतंस," आणि पुढचा गोल दाखवायला लागली. बाईंना फलकाचा मजकूर बदलावा लागला. मलाही माझा लेख बदलावा लागला, कारण टेबल कोण मांडायचं हे त्यात एकदाही आलं नव्हतं.

चित्र गेलं. धाकटीने दोरीवरचं फडकं काढलं, भिजवलं आणि टेबल धुऊन काढलं. "मांडीवर ताट घेऊन कंबर गेली माझी," ती म्हणाली. टेबल सुकल्यावर तिने खिडकीतून सुरई आणली, टवका पलीकडे वळवून ठेवली, आणि दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक केले. इतक्यात काढायला बसू नकोस, हात कापतोय तुझा, थोडं थांब, असं काहीबाही ती पुटपुटत होती, पण थोरलीने ब्रश घेतलेलाच नव्हता. ती खुर्ची ओढून समोर बसली होती, हात मांडीवर.

"अशी बघतेस काय?" धाकटीने विचारलं.

"कधी बघितलं नव्हतं," थोरली म्हणाली. "तू कर तुझं."

धाकटीने सुरई बोटभर डावीकडे सरकवली.