उरलेली वीतभर वायर

डेल्मर टॅकेटने जन्मात वायरीबद्दल कुणाला काही विचारलं नव्हतं. केंटकीच्या कोळसाखाणीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून घासलेला माणूस. त्याने विचारायचं म्हणजे कमीपणाच. बायको ओपल जाताना सिगारेट सोडायचं वचन घेऊन गेली होती. पुढे सिगारेटऐवजी आणलेलं दुकानातलं वाफ ओढायचं यंत्र दोन महिन्यांत मेलं. मग त्याने स्वतःच अक्रोडाच्या लाकडाची डबी कोरली, गॅरेजमध्ये पडलेली घरफिटिंगची जाड वायर आत जोडली आणि अशी यंत्रं हाताने बनवणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर फोटो टाकला. शाबासकीची त्याला खात्रीच होती.

पहिलं उत्तर आलं मिनेसोटातल्या नॉर्बर्ट नावाच्या म्हाताऱ्याचं. "डबी झकास आहे रे. पण भिंतीत घालायची वायर खिशात कशाला घातलीस? भिंत जागची हलत नाही, तू हलतोस."

डेल्मरचं डोकं फिरलं. एकतीस वर्षांचा पाढा त्याने वाचून दाखवला. त्यावर नॉर्बर्टने एवढंच लिहिलं की बॅटरी बदलायला दहा-वीस वेळा झाकण उघड, मग बोलू. आठव्या दिवशी वायरीचा झाळलेला जोड सुटला. एकसंध तांबं ते, वाकायला तयार नाही, सगळा ताण जोडावर. डेल्मर दिवसभर सिगारेटच्या शेवटच्या पाकिटाकडे बघत बसला आणि संध्याकाळी नाक मुठीत धरून त्याने झालं ते कळवलं.

आठवड्याने टपालाने हातभर वायर आली, लाल आणि काळी. आत केसासारख्या बारीक शेकडो तारा, वर उष्णता सोसणारं मऊ सिलिकॉन. बोटाला गुंडाळली तरी कुरकुरत नव्हती. सोबत चिठ्ठी: "पैसे नकोत. उरेल ती पुढच्या मूर्खाला पाठव. इथली पद्धत आहे."

यंत्र चालू झालं, वायर वीतभर उरली. त्यानंतर रोज सकाळी दोघं आपापल्या स्वयंपाकघरात कॉफी घेत एकमेकांना लिहू लागले. बर्फ, गुडघेदुखी, ओपलच्या हातचा मक्याचा पाव, काहीही. आणि नॉर्बर्टचा शेवटचा प्रश्न ठरलेला: सापडला का मूर्ख? डेल्मर लिहायचा, अजून नाही.

हे धडधडीत खोटं होतं. कट्ट्यावर मूर्खांना तोटा नव्हता. आठवड्याला दोघं-तिघं तरी कुठली वायर घालू हे विचारत यायचे. पण वायर देऊन टाकली की नॉर्बर्ट विचारायचा थांबेल, या भीतीने डेल्मर ती ठेवलेला ड्रॉवर उघडतच नव्हता. घरात त्याला काही विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आपण चोरटेपणा करतोय हे त्याला कळत होतं, लाजही वाटत होती.

मार्चमध्ये नॉर्बर्टचं लिहिणं थांबलं. डेल्मरने रोज सकाळी लिहिलं, आधी चेष्टेने, मग चिडून, मग नुसतंच "आहेस ना?" तीन आठवड्यांनी अनोळखी अक्षरातलं पाकीट आलं. नॉर्बर्टच्या बहिणीचं होतं. तो झोपेतच गेला, तिने लिहिलं होतं. त्याच्या टेबलावर तुमच्या नावाचं हे पाकीट होतं, तसंच पाठवतेय.

आत वीतभर जुनी वायर होती, आवरण फिकट पडलेलं. आणि चिठ्ठी.

"मूर्ख सापडत नाही होय रे लेका? मीही मला देणाऱ्याला चार वर्षं हेच सांगत आलो. तुला पाठवली ती मी विकत आणलेली. मला मिळालेल्यातली उरलेली ही. देणारा गेला, तरी माझ्याच्याने देववली नाही. आता तू ठेव. आणि तुझी देऊन टाक."

डेल्मर स्वयंपाकघरात एकटाच रडला, बराच वेळ. ओपल गेल्यावर रडला नव्हता तितका.

मग त्याने कट्टा उघडला. नेब्रास्काच्या एका बाईने विचारलं होतं, टेबललॅम्पची वायर चालेल का? त्याने तिचा पत्ता मागितला, नॉर्बर्टची वायर ड्रॉवरमध्ये ठेवली आणि आपली वीतभर पाकिटात घातली. चिठ्ठीत लिहिलं, "पैसे नकोत. उरेल ती पुढच्या मूर्खाला पाठवा."

पाकीट चिकटवता चिकटवता तो थांबला. चिठ्ठी परत बाहेर काढून त्याने खाली लिहिलं, "घाई मात्र करू नका. मी रोज सकाळी विचारीन."