सर्बियाचा दीर

मंगळवार पेठेत माझी खानावळ हाय. अंबूबाई म्हणून मला कुणी वळखत न्हाय, सगळी आक्काच म्हणत्यात. आणि आक्काचं तोंड फाटकं, ह्ये आधीच सांगते. मागनं कुणी तक्रार घिऊन यायचं न्हाय.

दोन हजार चार साली माझ्या एकाच बाकड्यावर दोघं जेवायला बसायचे. एक रामाशीष, बिहारातल्या सिवानचा, शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे भरायचा, तीन वर्सांपासनं माझ्याकडंच जेवायला. बोली भोजपुरी. दुसरा ड्रागन, सर्बियाचा इंजिनेर, त्याच फौंड्रीत नवी मशीन बसवायला आलेला. चाळिशीचा गडी, दारातनं वाकून आत यायचा.

पहिला आठवडा दोघं एकमेकाकडं बघतसुद्धा नव्हते. मग एक दिवस भाकरी वाढताना ड्रागन बोटं दाखवत म्हणाला, "द्वा, त्रि."

रामाशीषनं मान वर केली. "दू, तीन."

"चेतिरी."

"चार."

"पेत!"

"पाँच!"

झालं! तिथनं पुढं जेवण ऱ्हायलं बाजूला. इस्तवाला एकाचं ओगान्य, एकाचं आगी. मटणाला मेसो आणि मास. 'तुझा भाऊ' म्हणायचं तर ह्याचं 'त्वोय ब्रात', त्याचं 'तोहार भाई'. जुळलं की बाकड्यावर असा दणका घालायचे, की आमटीच्या वाट्या नाचायच्या. पाण्याला मात्र काय केल्या जुळेना. एकाचं वोदा, एकाचं पानी. त्यावरनं दोन दिवस रुसून बसले. मी वरडले, "अरं मुडद्यांनो, प्या की गप!"

नवऱ्याच्या भावाला काय म्हणता, असं मीच इचारलं. आमच्यात दीर. रामाशीष म्हणाला, देवर. ड्रागन ताडकन उठला. "देवेर! देवेर!" म्हणत त्यानं रामाशीषला भाकरीसकट उचलला. मोडक्या हिंदीत म्हणाला, तुझ्या लग्नात देवेर मीच.

लग्न ठरलंच होतं. जयसिंगपुरात लल्लन पेंटर ऱ्हातो, रामाशीषच्याच मुलखातला. त्याची पोरगी सुनैना मीच दाखवली होती. 'पोरगा सोन्यासारखा हाय, माझा शब्द' असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. कार्यालय दिवसाचंच मिळालं, म्हणून लगीन दुपारी तीनच्या आत लावायचं ठरलं.

त्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. रामाशीषच्या थोरल्या भावाची रेल्वे कालपासनं इटारसीच्या अलीकडं अडकलेली. आणि त्यांच्यातली रीत अशी, की नवऱ्याच्या थोरल्या भावानं, म्हणजे भसुरानं, मांडवात नवरीला साडी-दागिन्याचं ताट द्यायचं. त्याबिगर लगीन पुढं सरकत न्हाय. वर आणि ताट दिल्यावर भसुरानं जन्मभर तिला बोटसुद्धा लावायचं न्हाय. लल्लनची बहीण, सगळी तिला फुआ म्हणत होती, मांडवाच्या तोंडाशी आडवी उभी ऱ्हायली. भसुर न्हाय तर लगीन न्हाय! रामाशीषचं तोंड एवढंसं झालं. आईबाप न्हाईत, आता लगीन मोडलं तर दुसरी पोरगी कोण देतंय त्याला?

"ह्यो की थोरला भाऊ!" मी ड्रागनला पुढं ढकलला. "रोज एका बाकड्यावर जेवत्यात. अजून काय पायजे?"

फुआनं त्याला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि नाक मुरडत हो म्हणाली. ड्रागननं दोन्ही हातांनी ताट दिलं. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ह्या बाबानं काय करावं? हसत नवरीच्या शेजारी गेला आणि तिचा दंड धरून उभा ऱ्हायला!

"भसुर छू दिहलस!" फुआनं छाती बडवली. बायका किंचाळायला लागल्या, वाजंत्री थांबली. लल्लन म्हणाला, संपलं, पोरीला घरी घेऊन जातो. सगळी वरडत्यात, सोड, सोड. आणि ड्रागन जास्तच घट्ट धरून खदाखदा हसतोय. मला तर वाटलं, ह्याच्या डोक्यात परातच घालावी.

"ने दाम!" तो मोठ्यानं वरडला. "ने दाम!"

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. भोजपुरीतबी 'ना देम' म्हणजे देणार न्हाय. तिथल्या शेंबड्या पोरालाबी कळलं.

रामाशीषनं कपाळावर हात मारला. ड्रागननं त्याला सांगितलेलं, त्यांच्यात लग्नाच्या दिवशी दीर नवरीला राखतो. लोक थट्टेनं तिला पळवायला येत्यात, तेवढा वेळ त्यानं तिला सोडायचं न्हाय. थोरला, धाकटा असला फरक त्यांच्यात न्हायच, दोघंबी देवेर. आरडाओरडा चाललाय म्हटल्यावर बिचाऱ्याला वाटलं, लगीन रंगात आलंय!

रामाशीषनं समजावलं, पण फुआ काय ऐकायला तयार न्हाय. तेव्हा घुंगटातनं आवाज आला. सुनैना आधी हसली, मग म्हणाली, "ई भसुर ना हवें, फुआ. हमार देवर हवें." दिरानं हात धरला तर काय बिघडतंय? दिराची थट्टा तर त्यांच्यातबी चालती.

"मग भसुर कोण?" फुआनं इचारलं.

पोरीनं बोट केलं ते माझ्याकडं. "आक्का."

मी पदर खोचला. मग म्हटलं, "व्हय! तीन वर्सं माझ्या हातचं खाल्लंय त्यानं. थोरली न्हाय तर कोण मी?" कुणी नको म्हणायच्या आत ताट उचललं आणि नव्यानं नवरीच्या हातात दिलं. लल्लन हसला, वाजंत्री सुरू झाली, आणि तीनला पाच मिंटं असताना लगीन लागलं.

सुनैना पाया पडायला आली तशी मी चार पावलं मागं सरकले. "लांब, लांब! भसुर हाय मी. आता जन्मात शिवायचं न्हाय."

तिनं ऐकलंच न्हाय, सरळ गळ्यात पडली. मालक गेल्यापासनं, अठरा वर्सं, मला असं कुणी कवटाळलं नव्हतं. डोळ्याला धार लागली माझ्या. फुआ मागनं वरडत होती, रीत मोडली, रीत मोडली. मोडू दे म्हटलं. मीबी तिला सोडलं न्हाय.