बॉनेटवरचं नाव

वाडीला, अमरावती रोडवरच्या गोदामांच्या रांगेत, नानाजी ठवकरांचा जुन्या गाड्या विकण्याचा धंदा होता. तारेच्या कुंपणातलं आवार, एक टिनाची खोली आणि आवारात उभ्या जीपा, फियाट, अँबेसेडर. गिऱ्हाईक बहुतेक काटोल-नरखेडकडचं, संत्र्यांच्या बागा असलेलं. हंगामात ही माणसं बाग सोडून नागपूरला यायची नाहीत. म्हणून नानाजींनी फोटोंचा अल्बम केला होता. तो एसटीनं गावोगाव फिरायचा, आणि त्यासाठी दर सोमवारी धरमपेठेतले फोटोग्राफर आनंदराव गजभिये सिटी बसनं कॅमेरा आणि स्टँड घेऊन येत.

नानाजींचा हट्ट असा, की सगळे फोटो एका साच्यातले निघाले पाहिजेत. शेजारच्या गोदामाची पांढरी भिंत मागे, गाडीचं तोंड डावीकडे, उजेड सकाळचा आणि समोरून. "एक गाडी उन्हात चमकली आन् दुसरी सावलीत मळकी दिसली, तं गिऱ्हाईक म्हनते, हा मानूस काहीतरी लपवून राहिला," ते सांगत. चाकं कुठं यावीत त्याच्या चुन्याच्या रेघा जमिनीवर आखल्या होत्या. स्टँडचे पाय ठेवायला विटा पुरल्या होत्या. नंबरप्लेटवर फडकं टाकायचं, आतले देवाचे फोटो, हार, लिंबू-मिरची सगळं काढायचं. गाडी कोणाचीच वाटली नाही पाहिजे.

आनंदरावांना सुरुवातीला यात गंमत वाटली होती. आता वाटत नसे. एके काळी त्यांच्या स्टुडिओत लग्न ठरलेल्या मुली फोटोसाठी रांग लावत. निगेटिववर बारीक पेन्सिल फिरवून देवीचे व्रण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण सीताबर्डीला रंगीत फोटो मिळायला लागले आणि मुली तिकडे गेल्या. राहिल्या गाड्या. गुडघे दुखत, मान भाजून निघे, आणि रात्री डोळे मिटले तरी समोर पांढरी भिंत उभी राही. "गाड्यायचे फोटो काढू काढू तुमचं तोंडबी गाडीसारखं झालं," कांताबाई म्हणत. बायकोच्या या बोलण्यावर हसायचंही ते अलीकडे विसरले होते.

होळी नुकतीच होऊन गेली होती, त्या सोमवारची गोष्ट. नेहमीच्या गाड्या आटोपल्या आणि शेवटी एक निळी अँबेसेडर उरली. तिचा मालक देवराव स्वतः ती घेऊन आला होता, कारण त्याच्याशिवाय ती कोणाच्या हातानं सुरू होत नसे. साठीकडे झुकलेला, अंगात खाकी शर्ट, चालताना पाय जपून टाकणारा. आयुष्यभर त्यानं हीच गाडी भाड्यानं चालवली होती. रंग उन्हानं पार उडाला होता, पण बॉनेटवर पांढऱ्या अक्षरांत मोठं नाव होतं: उत्तरा.

"हे नाव नाही चालत जी," नानाजी म्हणाले. "खरडून टाका."

"खरडतो ना," देवराव म्हणाला.

त्यानं डिकीतून रॉकेलची बाटली, चिंध्या आणि जुनं ब्लेड काढलं आणि बॉनेटवर वाकला. आनंदराव कॅमेऱ्यामागे उभे राहिले. भिंतीवरचा उजेड पांढरा होत चालला होता. अजून थोडा वेळ गेला की ऊन थेट डोक्यावर येणार, गाडीच्या पोटाखाली काळी सावली पडणार आणि फोटो साच्याबाहेर जाणार. देवराव मात्र एकेक अक्षर, एकेक वळण सावकाश खरवडत होता. मध्येच चेहरा अगदी पत्र्याजवळ नेऊन बघायचा, बोटानं चाचपायचा.

"अहो, लवकर करा ना," आनंदराव करवादले. "ऊन काय तुमच्यासाठी थांबते?"

देवरावनं मान वर केली नाही. "दिसत नाही भाऊ नीट," तो म्हणाला. "मोतीबिंदू हाय दोन्ही डोयांत. म्हनूनच तं विकून राहिलो. मागच्या महिन्यात कोंढाळीजवळ म्हैस आडवी आली, मले दिसलीच नाही. मागं लेकरं बसली होती लोकांची. घरी आलो आन् किल्ली खुंटीले टांगली. आजबी मी फक्त सुरू करून देली, चालवत आनली शेजारच्या पोरानं."

आनंदराव ओशाळले. ते पुढे गेले, दुसरी चिंधी घेतली आणि दुसऱ्या टोकाकडून पुसायला लागले.

"हे पोरीचं नाव आहे काय?" त्यांनी विचारलं.

"हो जी. ते झाली त्याच वर्षी गाडी घेतली. टॅक्सी स्टँडवर मले देवराव कोनी म्हनतच नव्हतं, उत्तरावाला म्हनत. आता ते गोंदियाले राह्यते. जावई रेल्वेत हाय. म्हनते, बाबा, इकडंच या, ऑपरेशन करू, दोघं मायबाप इथंच राहा." त्यानं चिंधी पिळली. "पोरीच्या घरी जाऊन राहाचं म्हनजे जिवावर येते. पन घरची बुडी म्हनते चला."

अक्षरं गेली. बॉनेट रॉकेलनं ओलं आणि तुकतुकीत झालं. आनंदरावांनी त्यावर कोरडं फडकं फिरवलं, चाकं रेघेवर आहेत का बघितलं, भिंगावर नेहमीची पिवळी काच लावली आणि फोटो काढला. सावली थोडी आलीच होती. पुन्हा काढायची ताकद नव्हती. जेवायला घरी पोचेपर्यंत दुपार उलटून गेली.

संध्याकाळी डार्करूममध्ये कागद औषधात बुडवला. भिंत उमटली, चाकं उमटली, आणि मग बॉनेटवर हळूहळू 'उत्तरा' उमटलं. पांढऱ्या रंगाखालच्या पत्र्याला इतकी वर्षं ऊन लागलंच नव्हतं. तिथला निळा रंग पहिल्या दिवसासारखा गर्द राहिला होता. रॉकेलच्या ओलीत डोळ्यांना ते जाणवलं नव्हतं, पण पिवळ्या काचेनं निळा रंग आणखी गडद करून ठेवला. नाव आधी पांढरं होतं, आता काळं झालं होतं.

आनंदराव कागदाकडे बघत बसले. कांताबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली तेव्हा उठले.

पुढच्या सोमवारी फोटो बघून नानाजींनी कपाळाला हात लावला. "हे काय जी? बाकीचे सगळे एकासारखे एक, आन् हे मधातच नाव घेऊन उभी. मिटवून टाका न पेन्सिलीनं. तुमच्या हातचं काम हाय."

होतंच ते हातचं काम. चेहऱ्यावरचे व्रण घालवणाऱ्याला गाडीवरची अक्षरं घालवायला कितीसा वेळ लागणार?

"निगेटिववर होत नाही ते," आनंदराव म्हणाले.

"काहून?"

"होत नाही. गाडीच रंगवा, मंग नवा काढतो."

नानाजींना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि रंगाचा खर्च करायचा नव्हता. त्यांनी नाइलाजानं तो फोटो अल्बमात लावला. आपण खोटं का बोललो, हे आनंदरावांना नीट सांगता आलं नसतं. देवरावसाठी बोललो म्हणावं, तर त्या क्षणी त्याची आठवणही नव्हती. फक्त आता आणखी काही पुसायचं नाही, एवढंच मनात आलं होतं.

अल्बम नरखेडकडे गेला आणि थोड्याच दिवसांत तिकडच्या एका खेड्यातून रुपराव नावाचा बागाईतदार, बायको प्रयागबाईला घेऊन, गाडी बघायला आला. तो सोमवारच होता. देवरावलाही किल्ली द्यायला बोलावलं होतं. रुपरावनं इंजिन ऐकलं, खाली वाकून बघितलं. प्रयागबाईनं बॉनेटवर हात फिरवला.

"नाव अजून दिसते वं," रुपराव बायकोला म्हणाला. "रंगवावं लागन."

"कायले? ऊन लागलं का आपोआप जाते," ती म्हणाली. "तवरोक राहू द्या. नाव चांगलं हाय."

सौदा झाला. देवरावनं किल्ली दिली आणि गाडी सुरू करायची खुबी समजावली. चोक अर्धा ओढायचा, ॲक्सिलरेटर एकदाच दाबायचा, आणि मग तिला घाई करायची नाही. रुपरावच्या हातानं ती तिसऱ्या खेपेला सुरू झाली. धुरळा उडवत अमरावती रोडला लागली आणि ट्रकांमागे दिसेनाशी झाली. देवराव त्या दिशेला बघत उभा राहिला. त्याला किती दिसत होतं कोण जाणे.

आनंदरावांनी पिशवीतून एक फोटो काढून त्याच्या हातात दिला. घरी आणखी एक प्रत काढून ठेवली होती. देवरावनं तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"गाडी समजते," तो म्हणाला. "नाव कुठं हाय?"

आनंदरावांनी त्याचं बोट धरलं आणि कागदावर नावावरून फिरवलं. उ. मग जोडाक्षर. मग शेवटचा रा आणि त्याचा काना. देवराव ऐकल्यासारखा मान हलवत होता. फोटो त्यानं शर्टाच्या आत, छातीशी ठेवला.

"गोंदियाले कधी जाता?"

"येत्या हप्त्यात. पोरगी घ्यायले येते."

दोघं बस स्टॉपवर आले. बस आली, चढले. देवराव खिडकीजवळ बसला आणि अवघडून म्हणाला, "असं मागं बसाची सवय नाही भाऊ." आनंदरावांनी मान डोलावली आणि डोळे मिटले. त्यांना झोप येत होती. प्रत्येक स्टॉप जवळ आला की शेजारी देवरावचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर जोरानं दाबला जात होता आणि बस थांबली की सैल सुटत होता. आनंदरावांनी एकदा डोळे उघडून ते पाहिलं, कॅमेऱ्याचा स्टँड आपल्या गुडघ्यांमध्ये नीट धरला आणि त्याच्या पायाला जागा व्हावी म्हणून थोडं सरकून बसले.