दार ठेवायचं राहिलं

एकास पाचशे

या मापात आमचं घर नखाएवढं दिसतं. बायको डिझाइन शिकवते आणि शिकतेही, त्यामुळे मापं आता मलाही कळतात. जमिनीवरची पाचशे पावलं कागदावरच्या एका पावलात कोंबायची, की झालं एकास पाचशे.

इतक्या लांबून सगळं जमून आल्यासारखं वाटतं. सकाळी ती कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवते. दुपारी त्याच इमारतीत एक मजला वर जाऊन स्वतः बाकावर बसते. संध्याकाळी आमच्या मुलीची आई आणि माझ्या वडिलांची सून. त्यातून जी उरते ती माझी बायको. मी पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीने कामाला, म्हणजे मीही उरलेलाच. दोन उरलेले कधीमधी जिन्यात भेटतात आणि एकमेकांना विचारतात, "गॅस बंद केलास ना?"

या मापात माणसं दाखवत नाहीत.

एकास शंभर

या मापात टेबल-खुर्च्या दिसू लागतात, आणि अडचणीही.

तिची नोकरी हंगामी आहे. वरची पदवी पुरी करीन, या बोलीवर मिळालेली. मुदत दोनदा वाढवून झाली. आता शेवटचा ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचा दिवस. त्यात नापास झाली तर वरच्या मजल्यावरचं बाक जाणार आणि खालच्या मजल्यावरची खुर्चीही.

तिने विषय निवडला होता ऑपरेशन थिएटरच्या बाहेरची खोली, जिथे नातेवाईक थांबतात ती. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हे तिच्या डोक्यात शिरलं. मागच्या ज्युरीत तिच्या सरांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "खोली बरोबर आहे. पण हिच्यात कुणी वाट बघत नाहीये."

हे तिने मला जिन्यातच सांगितलं. त्यानंतर नकाशा जेवायच्या टेबलावर येऊन बसला आणि आमची ताटं त्याच्या कडेकडेने लागू लागली.

"सूनबाई," बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "भाजीसुद्धा एकास शंभर वाढलीय का?"

"आज तुमचा मुलगा वाढतोय, बाबा."

"मग ठीक आहे. त्याचं माप लहानपणापासून असंच."

बाबांनी सगळी नोकरी लिफ्टमन म्हणून केली. एका मोठ्या इमारतीत, जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये, स्टुलावर बसून. अजूनही मुलगी त्यांच्या खोलीत शिरली की विचारतात, "कितवा मजला?" मुलीला आम्ही फुटपट्टी म्हणतो. सरळ, सडपातळ, आणि दुसऱ्याची चूक दिसली की लगेच मोजून दाखवणारी.

एकास वीस

पुठ्ठ्याचं मॉडेल. ट्रेएवढं.

ट्रेएवढं होतं म्हणून मी त्यावर गरम पातेलं ठेवलं.

फुटपट्टी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही हॉस्पिटलवर आमटी ठेवलीत."

पातेलं उचललं तर भिंती वाकलेल्या, बाकं पातेल्याच्या बुडाला चिकटलेली. बायकोने सुरीने एकेक बाक खरवडून काढलं, हातावर घेतलं आणि त्या इवल्याशा बाकांकडे बघत राहिली.

"मुलांना मी रोज काय सांगते?"

मला माहीत होतं. कॉलेजात तिला एकास एक मॅडमच म्हणतात. खुर्ची काढलीत? आता खऱ्या मापात करा आणि बसून बघा. पायरी काढलीत? चढून बघा.

"आणि मी स्वतः काय करतेय? काड्यापेटीएवढ्या बाकावर बसून वाट बघतेय."

"पण एकास एक करायला जागा कुठे आहे?" मी म्हणालो.

तिने मान वर करून आमच्या बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. सोफा. बाबांची खुर्ची. वाळत घातलेले कपडे. मी मनात म्हटलं, मेलो.

एकास एक

सोफा जिन्यात गेला. कपडे मोरीत गेले. ती गुडघ्यांवर रांगत जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावत गेली. पट्टी म्हणजे भिंत. खोली मावेना, म्हणून एक कोपरा स्वयंपाकघरात घुसला. फ्रिज अर्धा दवाखान्यात, अर्धा आमच्याकडे. बाबा मधोमध आपल्या खुर्चीत, पेपर वाचत.

"पाय उचला जरा, बाबा."

"घ्या. वर."

एवढं पाहून मी पाळीवर गेलो. पुढे काय झालं ते नंतर कळलं. दार कुठे ठेवायचं यावर ती अडली होती. आधी सगळीकडे पट्टी लावून घेऊ, मग दाराएवढी काढू, असा विचार करून तिने चारी भिंतींची चौकट पुरी केली. घड्याळाकडे पाहिलं. तासाला उशीर झाला होता. पर्स उचलून ती पळाली.

मी परत आलो तेव्हा बाबा वॉकर धरून पट्टीच्या आत, अगदी कडेला उभे होते. फुटपट्टी शाळेतून आली होती आणि दप्तरासकट पट्टीच्या बाहेर उभी होती. मी चपला काढल्या आणि सरळ आत गेलो.

"अरे!" बाबा ओरडले. "भिंतीतून आलास!"

"काय झालं? असे उभे का?"

"दार ठेवायला विसरली ती."

"बाबा, चिकटपट्टी आहे. ओलांडा."

"तुला चिकटपट्टी दिसते. तिने भिंत बांधलीय." ते शांतपणे म्हणाले. "उभ्या आयुष्यात मी दार उघडल्याशिवाय कुणाला बाहेर सोडलं नाही. आता स्वतःच भिंत फोडून जाऊ?"

"आजोबांना बाथरूमला जायचंय," फुटपट्टी म्हणाली. "पाणी पण हवं होतं, पण मी देऊ शकले नाही. आईने खिडकी पण काढली नाहीये."

मला हसू फुटलं. मी पट्टी उचकटायला वाकलो, तर बाबांनी वॉकर आपटला. "हात लावू नकोस. परीक्षा तिची आहे."

तेवढ्यात ती आली. दारातच थांबली. आत म्हातारा, बाहेर मुलगी, मधे बोटभर पिवळी रेघ, आणि दोघांपैकी कुणीही ती ओलांडत नाही. मला वाटलं ती हसेल, किंवा रडेल. ती हळूच खाली बसली, देवळात बसावं तशी.

"बाबा, बसला का नाहीत?"

"बसलो की काही दिसत नाही गं. खुर्चीचं तोंड तिकडे. तू कुठून येणार? इकडून. म्हणून उठून उभा राहिलो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा तूही बसला नव्हतास. बाकं रिकामी होती आणि तू भिंतीला टेकून उभा होतास. मी तुला दहादा म्हणाले असेन, बस म्हणून."

"बसलो असतो तर ते दार दिसलं नसतं."

"कुठलं?"

"जिथून डॉक्टर येणार ते."

मग बाबा म्हणाले, "सूनबाई, तुझं चालू दे. पण मला खरंच घाई आहे."

ती धावलीच. बाबांच्या समोर, त्यांच्या वॉकरच्या रुंदीएवढी पट्टी तिने नखाने सोलून काढली. बाबांनी हात पुढे केला, हवेतली जाळी डावीकडे सरकवली, बाहेर आले, वळून ती पुन्हा लावली आणि मगच बाथरूमकडे निघाले.

नंतरचे दिवस आम्ही त्या खोलीत राहिलो. सगळे दारातून ये-जा करायचो. फ्रिजसाठी फुटपट्टीने वेगळा नियम केला होता, तो मला शेवटपर्यंत कळला नाही. बायको स्टुलं सरकवायची, आम्हाला बसवायची, विचारायची, "आता दिसतं? मान न वळवता?" आणि मी, जो नळाच्या वॉशरपलीकडे कशाकडे निरखून बघत नाही, जमिनीवरच्या रेघांकडे बघत राहायचो. तिथे काहीच नव्हतं. तरी माझा खांदा त्या भिंतीला लागेल म्हणून मी अंग चोरून चालत होतो.

पुन्हा एकास एक

ज्युरी कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये होता. घरच्यांना मागे उभं राहता येतं, म्हणून आम्ही तिघेही गेलो. बाकीच्यांचे नकाशे भिंतीवर होते. तिचे टेबलावर पालथे ठेवलेले. जमिनीवर पिवळी चौकट, आत कॉलेजच्या साध्या खुर्च्या, सगळ्या थोड्या तिरक्या. पलीकडच्या बाजूला पट्टीत एक मोकळी फट. ऑपरेशन थिएटरचं दार. अलीकडे आणखी एक, आपल्यासाठी.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई उंच, पिकल्या केसांच्या, हातातल्या कागदात डोकं घालून चालणाऱ्या. त्या वाचत वाचत सरळ भिंतीकडेच निघाल्या. फुटपट्टीने माझं बोट इतकं आवळलं की दुखलं. भोवती पहिल्या वर्षाची मुलं उभी होती, दाटीवाटीने, आणि एकाचाही पाय पट्टीवर नव्हता.

बाई थांबल्या. पायाच्या अंगठ्यापुढे पट्टी होती. त्यांनी त्या मुलांच्या पायांकडे पाहिलं, मग पट्टीकडे. कागद खाली केला.

"आत कुठून यायचं?"

बायको बोलायच्या आत बाबा पुढे सरकले. दाराशी जाऊन त्यांनी हवेतली जाळी सरकवली. "या."

बाई वळसा घालून आल्या, आत शिरल्या, एका खुर्चीत बसल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांची नजर आपोआप पलीकडच्या फटीवर गेली. आणि तिथेच राहिली. मीही बघू लागलो. तिथे रिकामी फरशी होती, आणि मी पाहिलं, सगळे त्या फरशीकडे बघत होते, जणू आता कुणीतरी येईल आणि तोंडावरचा मास्क काढून आम्हाला सांगेल.

"कोण आहे आत?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

"तुमचं माणूस," बायको म्हणाली.

तिच्या सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. बाई उठल्या. टेबलावरचे पालथे नकाशे त्यांनी उलटलेच नाहीत, कागदावर तिथल्या तिथे सही केली आणि तो सरांकडे दिला. दाराशी आल्या, बाहेर पडल्या, आणि वळून त्यांनी ते दार हलकेच ओढून घेतलं.

मग टाळ्या, मुलांचा गलका, "एकास एक मॅडम!" ती आत एकटीच उभी होती, दोन्ही हात गालांवर. मला तिच्याकडे धावायचं होतं. मधे फक्त ती बोटभर पट्टी.

मी दाराकडे वळलो.

"कितवा मजला?" बाबांनी विचारलं.