नारातली हरणं वाकून नमस्कार करतात

शनिवारी उजाडतं न उजाडतं तोच वीरने यामिनीच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"ताई, डिड यू नो, नारामधले लोक पूर्वी एवढे लवकर का उठायचे?"

"त्यांच्या घरी तुझ्यासारखं कार्टं असेल."

"नो! तिथे हरणं देवाची असायची. तुमच्या दारात हरीण मेलेलं सापडलं की तुम्हाला पनिशमेंट. म्हणून लोक लवकर उठून बघायचे, आणि असलं तर गपचूप ढकलायचे शेजारच्याच्या दारात!"

"भारी लोक. आता झोपू दे."

वीर तिसरीत होता. सोमवारी शाळेत जपान डे होता, प्रत्येक मुलाला एकेक शहर दिलेलं, आणि वीरच्या वाट्याला नारा आलं होतं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आई पोळ्या लाटत असली की हा ओट्याशी उभा राहून सांगणार, तिथल्या देवळात एक खांब आहे, त्याला तिथल्या भल्यामोठ्या बुद्धमूर्तीच्या नाकपुडीएवढं भोक आहे आणि लहान मुलं त्यातून आरपार जातात. पण त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट हरणांची. आपण वाकून नमस्कार केला की नाराचं हरीण पण वाकतं. आणि ते वाकलं की त्याला बिस्किट द्यायचंच. नाही दिलं तर चीटिंग.

हे सगळं ऐकायला यामिनीच सापडायची, कारण तिला वेळच वेळ होता. ऑक्टोबरमध्ये तिच्या शाळेच्या कॅफेटेरियात एक पोरगी तिला म्हणाली, "गो बॅक टू युवर केव्ह." यामिनीने जेवणाचा अख्खा ट्रे तिच्या अंगावर फेकला. आठवडाभर सस्पेंड झाली. आठवडा संपला, ही परत गेलीच नाही. आई रडली, बाबा ओरडले, ही ढिम्म.

"ताई." वीर अजून तिथेच उभा होता. "पण आपल्या दारात खरंच आहे."

"काय?"

"हरीण."

यामिनी तशीच अनवाणी खाली पळाली.

टाउनहाउससमोरच्या हातभर लॉनवर हरीण पडलं होतं. रस्त्यावर हेडलाइटच्या काचा, आणि तिथून गवतापर्यंत फरपटल्याची खूण. मागचे दोन्ही पाय भलत्याच बाजूला वळलेले. पोट धपापत होतं. डोळा उघडा होता आणि त्या डोळ्याने ते या दोघांनाच बघत होतं.

यामिनीने धरायच्या आत वीर पुढे झाला, हात शरीराला चिकटवले आणि कमरेतून वाकला. हरणाने मान उचलायला बघितली. अर्धी उचलली आणि ती खाली आली.

"ताई! इट बाउड! बघितलंस?" वीर ओरडला. "मी बिस्किट आणतो!"

तो आत गेला आणि बाबा बाहेर आले. त्यांनी आधी रस्ता बघितला, मग समोरच्या खिडक्या, आणि सगळ्यात शेवटी हरीण.

"कुणी बघितलं का?"

"आपण बघतोय ना, बाबा."

मागून आई आली, शाल गुंडाळत. "अगं बाई! अहो, फोन करा ना कुणाला तरी."

"कुणाला? फोन केला की पोलीस येणार, सुमेधा. आपले पेपर्स लटकलेत, माहितीये ना तुला?"

आईला माहिती होतं. बाबांचा जॉब ऑगस्टमध्ये गेला होता. नवी कंपनी व्हिसाचं करतो करतो म्हणत होती. आणि सप्टेंबरमध्ये विमानं आदळून ते टॉवर पडल्यापासून बाबा गॅस स्टेशनवरसुद्धा हळू आवाजात बोलायचे.

बाबांनी शेजारच्या लॉनकडे बघितलं. तिथे एक म्हातारी गोरी बाई एकटी राहायची. "थोडंसं तिकडे सरकवू या," ते म्हणाले. "त्या करतील फोन. त्या इथल्याच आहेत, त्यांना कोण काय विचारणार?"

यामिनीला हसूच आलं, पण वाईट हसू. "वीरने आत्ता मला हेच सांगितलं. लोक पूर्वी असंच करायचे म्हणे. पण मेलेल्या हरणाचं करायचे, बाबा. हे जिवंत आहे."

बाबांनी ऐकलं नाही. वाकून मागचा पाय धरला आणि ओढला. हरीण तान्ह्या बाळासारखं किंचाळलं. बाबांनी चटका बसल्यासारखा हात सोडला, पँटला पुसला आणि तिथेच उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण आता काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

वीर ग्लुकोज बिस्किट घेऊन आला. उकिडवं बसून त्याने ते हरणाच्या नाकाशी धरलं. बिस्किट श्वासाने ओलं झालं, पण तोंड उघडलं नाही.

"ही इज नॉट ईटिंग. ताई, कुणाला तरी बोलव ना."

"बोलावते."

"यामिनी," बाबा म्हणाले, "अजिबात नाही."

"मग तुम्ही बघत बसा!"

तिने आत जाऊन इमर्जन्सीला फोन लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, उठता येतंय का त्याला? यामिनी म्हणाली, नाही, प्लीज हेल्प पाठवा. पाठवते, म्हणाली बाई.

"डॉक्टर येतोय?" वीरने विचारलं.

"हो." तिला खरंच तसं वाटलं होतं. टीव्हीवर दाखवतात तशी गाडी, जाळं, इंजेक्शन.

आला तो एकटा पोलीस. दारात बाबा सगळ्यांच्या पासपोर्टची फाइल छातीशी धरून उभे होते. पोलिसाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. हरणापाशी गेला, पाय बघितले आणि यामिनीला हळूच म्हणाला, "छोट्याला आत ने. मागच्या बाजूला."

त्याचा हात कमरेकडे गेला तेव्हा तिला कळलं.

"थांबा! मी हेल्प मागितली होती."

"मिस," तो म्हणाला, "हीच हेल्प आहे."

भांडायला तोंड उघडलं तिने. हरणाच्या पायांकडे नजर गेली आणि मिटलं.

वीरचं मनगट धरून ती किचनमध्ये आली. "चल, सोमवारची तयारी करू. पटापट सांग. खांबाला काय असतं?"

"भोक. ताई, हा पोलीस हरणांचा डॉक्टर आहे ना? काय म्हणाला?"

"सांगते. त्यातून कोण जातं?"

"लहान मुलं."

आईने एकदा यामिनीच्या तोंडाकडे बघितलं, मिक्सरचं रिकामं भांडं चढवलं आणि बटण फिरवलं. घरघर भिंतींना जाऊन आदळली.

"भोक केवढं?" यामिनी ओरडली.

"बुद्धाच्या..."

आवाज आलाच. मिक्सरच्या घरघरीला छेदून आला.

आईचा हात बटणावरून निघेना. जळका वास सुटला तसा तिने मिक्सर बंद केला. वीरच्या हातात अजून ओलं बिस्किट होतं.

"तो डॉक्टर नव्हता," तो म्हणाला. "तू बोलावलंस त्याला."

यामिनी पुढच्या खोलीतल्या खिडकीशी गेली. पोलीस गाडीत बसत होता. बाबा दारात फाइल धरून त्याला थँक यू सर, थँक यू सर म्हणत होते. दर वेळी मान आणि खांदे खाली जात होते. गाडी निघाली तरी ते वाकतच होते.

मागून वीरची पावलं आली. तिने चटकन पडदा ओढला.